मशीन लर्निंगचा पीसी: आधी व्हीरॅमचा हिशेब, मग कोटेशन

दुकानात पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" आकडा सांगितला की समोरचा माणूस प्रोसेसरपासून कोटेशन लिहायला घेतो आणि उरलेल्या पैशांत जे बसेल ते ग्राफिक कार्ड टाकतो. ऑफिसच्या मशीनला हे चालून जातं. मशीन लर्निंगच्या मशीनचं कोटेशन मात्र उलट्या टोकाकडून लिहावं लागतं. कार्डावर किती मेमरी (व्हीरॅम) हवी हे आधी ठरवायचं, मग ते कार्ड कुठलं, मग त्याला पुरेल असा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), ते मावेल असं कॅबिनेट, आणि शेवटी प्रोसेसर. कारण साधं आहे. प्रोसेसर हळू असला तर काम उशिरा होतं, व्हीरॅम कमी पडली तर काम होतच नाही.

फक्त प्रोग्रामिंग करायचं असेल, म्हणजे वेब, जावा, अँड्रॉइड, डेटाबेस वगैरे, तर वेगळं ग्राफिक कार्ड घेऊच नका. रायझन ५ ७६०० सारखा सहा कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, १ टीबी एनव्हीएमई एसएसडी आणि वाचलेल्या पैशांत चांगला मॉनिटर. २७ इंचाचा १४४०पी मॉनिटर दर इंचाला सुमारे १०९ पिक्सेल देतो, २४ इंचाचा फुल एचडी ९२ देतो. दिवसभर कोड वाचणाऱ्याला हा फरक पहिल्या तासात कळतो. अपवाद मोठ्या बिल्डचा. अँड्रॉइडचा अख्खा सोर्स बिल्ड करायचा तर गूगलच ६४ जीबी रॅम आणि ४०० जीबी मोकळी डिस्क मागतं. सी++ च्या जड प्रोजेक्टमध्ये एकेक कंपाइल जॉब दीड-दोन जीबी सहज खातो. १६ थ्रेडच्या प्रोसेसरवर सोळा जॉब एकदम सोडले आणि रॅम १६ जीबी असली, की टर्मिनलवर फक्त 'किल्ड' एवढं येतं आणि माणूस कोडमध्ये चूक शोधत बसतो.

व्हीरॅमचा हिशेब

एक अब्ज पॅरामीटर (मॉडेलनं शिकलेले आकडे, म्हणजेच वजनं) १६ बिटमध्ये ठेवायला २ जीबी लागते, ८ बिटमध्ये १ जीबी, ४ बिटमध्ये अर्धा. म्हणजे ७ अब्जांचं मॉडेल १६ बिटला १४ जीबी, ४ बिटला साडेतीन-चार जीबी. पण हे फक्त वजनांचं झालं. संभाषण लांबत जातं तशी केव्ही कॅश (आधीच्या मजकुराचा साठवून ठेवलेला हिशेब) वाढते, आणि ती कोणी मोजत नाही. मेटाच्या लामा २ च्या ७ अब्जवाल्या मॉडेलमध्ये ३२ थर आणि ४०९६ रुंदी आहे. की आणि व्हॅल्यू असे दोन संच, १६ बिटला प्रत्येकी दोन बाइट, गुणाकार केला की एका टोकनला (शब्दाच्या तुकड्याला) अर्धा एमबी. ४०९६ टोकनांचा संदर्भ (मॉडेल एकावेळी पाहतं तो मजकूर) भरला की २ जीबी गेली. नवीन मॉडेलांत की-व्हॅल्यूचे हेड वाटून घेतलेले असल्यामुळे हा खर्च बराच कमी असतो, पण संदर्भही लाखाच्या घरात गेलेले आहेत. तेव्हा 'मॉडेलची फाइल ११ जीबी आहे, कार्ड १२ जीबीचं आहे, बसेल' हा हिशेब चुकीचा. किमान दोन-तीन जीबी मोकळी हवी.

ट्रेनिंगचं गणित याहून कडक आहे. अॅडम ऑप्टिमायझर आणि मिश्र अचूकता धरली तर दर पॅरामीटरला १६ बाइट: वजन २, ग्रेडियंट २, ३२ बिटची मूळ प्रत ४, आणि ऑप्टिमायझरच्या दोन नोंदी ४ अधिक ४. ७ अब्जांना ११२ जीबी, अॅक्टिव्हेशन वेगळे. घरच्या कुठल्याही एका कार्डावर हे होणार नाही, त्यामुळे त्या स्वप्नासाठी पैसे घालू नका. घरी होतं ते क्यूलोरा पद्धतीचं फाइन-ट्यूनिंग, ज्यात मूळ मॉडेल ४ बिटमध्ये गोठवलेलं राहतं आणि छोटे अॅडॉप्टर तेवढे शिकतात. बॅच १, ग्रेडियंट चेकपॉइंटिंग चालू, संदर्भ दोन हजार टोकनांच्या आत, एवढं पथ्य पाळलं तर ७ अब्जांचं मॉडेल १२ जीबीच्या कार्डावर बसतं. चित्रांच्या वर्गीकरणाचे नेहमीचे प्रकल्प, रेझनेट-५० वगैरे, ८ जीबीतही आरामात चालतात. तिथे बॅच साइज कमीजास्त करण्याची सोय असते.

हे सगळं कागदावर नको असेल तर कार्ड विकत घेण्याआधी एक महिना गूगलच्या कोलॅबवर काम करा. तिथलं टी४ कार्ड १६ जीबीचं आहे. आपला नेहमीचा कोड चालवून शेवटी पायटॉर्च या लायब्ररीचं मॅक्स-मेमरी-अलोकेटेड हे फंक्शन छापा. आकडा ९ जीबीच्या आत आला तर १२ जीबीचं कार्ड पुरे. १३ आला तर १६. मेमरी कमी पडून काम बंदच पडत असेल तर २४. महिन्याभरात चारच वेळा गरज पडली असेल तर कार्ड घेऊ नका, भाड्याचं जीपीयू स्वस्त पडेल.

कार्ड कुठलं

एनव्हिडियाच घ्या, निदान पहिलं तरी. २००७ पासून कुडा (कार्डावर गणितं चालवणारी एनव्हिडियाची प्रणाली) आहे आणि बरीच ट्युटोरियल तेच गृहीत धरून लिहिलेली असतात. एएमडीच्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्समध्ये २४ जीबी आहे आणि आरओसीएमवर (एएमडीच्या तसल्याच प्रणालीवर) पायटॉर्च चालतंही, पण एखादी लायब्ररी फक्त कुडासाठी लिहिलेली निघाली की दोन दिवस त्यातच जातात. ज्याला तसली खटपट आवडते त्यानं जरूर घ्यावं. नव्या माणसाला विषय शिकायचा आहे, ड्रायव्हर नव्हे.

मेमरी किती हे ठरल्यावर दुसरा आकडा पाहायचा तो बँडविड्थचा, म्हणजे मेमरीतून सेकंदाला किती डेटा वाचता येतो त्याचा, कारण भाषेचं मॉडेल एकेक टोकन काढताना जवळजवळ सगळी वजनं मेमरीतून एकदा वाचतं. म्हणून वेगाची वरची मर्यादा म्हणजे बँडविड्थ भागिले मॉडेलचा आकार. ५ जीबीचं मॉडेल धरा. आरटीएक्स ३०६० च्या १२ जीबी कार्डाला सेकंदाला ३६० जीबी मिळतात, म्हणजे जास्तीत जास्त ७२ टोकन. ४०६० टीआय १६ जीबीला २८८, म्हणजे ५७. होय, नवं आणि महाग कार्ड इथे जुन्याच्या मागे पडतं. ५०६० टीआय १६ जीबीला ४४८, म्हणजे ९० च्या आसपास. जुन्या ३०९० ला ९३६, म्हणजे १८७. प्रत्यक्षात आकडे याहून कमी येतात, क्रम मात्र बहुधा हाच राहतो.

मॉडेल कार्डात पूर्ण मावलं नाही तर काय होतं तेही याच गणितातून दिसतं. २० जीबीचं मॉडेल, कार्ड ५०६० टीआय, १६ जीबी कार्डावर आणि ४ जीबी रॅममध्ये सांडली असं समजू. कार्डावरच्या भागाला दर टोकनला ३६ मिलिसेकंद. रॅमचा वेग, दोन चॅनेलची डीडीआर५-५६००, सेकंदाला ८९.६ जीबी, म्हणजे त्या चार जीबीला ४५ मिलिसेकंद. मॉडेलचा पाचवा हिस्सा निम्म्याहून जास्त वेळ खातो. 'थोडंसं रॅममध्ये गेलं तर काय बिघडतं' याचं उत्तर हे.

आजच्या घडीला तीन ठिकाणी थांबण्यात अर्थ आहे. शिकण्यासाठी ३०६० चं १२ जीबी कार्ड, १७० वॅटचं, पण त्याच नावाचं ८ जीबीचंही कार्ड आहे आणि त्याची बसही १९२ ऐवजी १२८ बिटची आहे. नियमित कामासाठी ५०६० टीआय १६ जीबी, १८० वॅट. इथेही ८ जीबीची जुळी आवृत्ती आहे, तेव्हा बिलावर '१६ जीबी' लिहून घ्या. आणि २४ जीबी हवी पण नव्या ३२ जीबीच्या ५०९० ची, तिच्या ५७५ वॅटची आणि किमतीची तयारी नाही, त्यांच्यासाठी वापरलेलं ३०९०.

वापरलेलं ३०९० घेताना डोळे उघडे ठेवा. २०२० चं कार्ड आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग संपलं, त्याआधी यांतली बरीच कार्डं रात्रंदिवस त्यात जुंपलेली होती. या कार्डाच्या मेमरी चिप दोन्ही बाजूंना आहेत आणि मागच्या बाजूच्या फक्त थर्मल पॅडच्या भरवशावर गार राहतात. पॅड सुकले की मेमरी ११० अंशांपर्यंत जाते आणि कार्ड स्वतःचा वेग पाडतं. जीपीयूचं तापमान तेव्हाही निवांत ७० दाखवत असतं. म्हणून विंडोजवर एचडब्ल्यूइन्फो लावून 'मेमरी जंक्शन' हा आकडा अर्धा तास भाराखाली पाहा. लिनक्सवरचं एनव्हिडिया-एसएमआय (कार्डाची माहिती दाखवणारी आज्ञा) जीफोर्स कार्डांना हा आकडा दाखवत नाही. शंभराच्या पुढे गेला तर पॅड बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करायला सांगा. विक्रेता अर्धा तास चालवून दाखवायला तयार नसेल तर उठून या.

याहून जुनी कार्डं स्वस्त दिसतात, पण बीएफ१६ हा आकडे १६ बिटमध्ये ठेवण्याचा प्रकार हार्डवेअरमध्ये ३० च्या मालिकेपासूनच आहे. कुडा १३ ने तर मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या तिन्ही पिढ्या सोडल्या. १०८० टीआयचा मोह टाळा. उलट बाजूनं, ५० च्या मालिकेला कुडा १२.८ किंवा पुढचं लागतं. जुन्या प्रोजेक्टची पायटॉर्चची जुनी आवृत्ती तिच्यावर 'कर्नल इमेज उपलब्ध नाही' म्हणून थांबते. कार्ड परत करायला धावू नका, पायटॉर्च २.७ किंवा पुढचं टाका.

प्रोसेसर आणि बोर्ड

एका कार्डाला सहा ते आठ कोअर पुरेत. चित्रं डिस्कवरून वाचणं, उलगडणं, कापणं हे काम प्रोसेसर करतो. तो मागे पडला की जीपीयूचा वापर ९५ टक्के, शून्य, ९५, शून्य असा करवतीसारखा दिसतो. मग पायटॉर्चच्या डेटालोडरचे (डेटा वाचून देणाऱ्या भागाचे) वर्कर वाढवायचे, चारपासून सुरुवात करून. डॉकरमध्ये काम करत असाल तर वर्कर वाढवताच 'बस एरर' येण्याची शक्यता आहे. तिथे सामायिक मेमरीची मर्यादा मुळात ६४ एमबी असते, ती एसएचएम-साइज देऊन वाढवावी लागते. हार्डवेअरचा दोष नाही.

प्रोसेसरच्या नावातली अक्षरं नीट वाचा. शेवटी 'एफ' असेल तर आतलं ग्राफिक नाही. ते हवं, कारण मॉनिटरची वायर बोर्डाला लावली की डेस्कटॉप आणि ब्राउझर जी काहीशे एमबी, कधी एक जीबीपर्यंत व्हीरॅम खातात ती वाचते. १२ जीबीत एक जीबी म्हणजे थोडकी नव्हे. रायझन ८००० च्या 'जी' मालिकेपासून मात्र लांब राहा. ८७००जी कार्डाला आठच लेन (डेटा ये-जा करण्याच्या वाटा) देतो, ८५००जी तर चारच. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीचा वापरलेला प्रोसेसर घेणार असाल तर बोर्डाचा बायोस ऑगस्ट २०२४ नंतरचा आहे ना ते पाहा. जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर कायमचे अस्थिर होत होते. इंटेलनं मायक्रोकोड बदलला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण आधीच बिघडलेला प्रोसेसर मायक्रोकोडनं बरा होत नाही.

रायझनला बोर्ड बी६५० चिपसेटचं मधलं मॉडेल पुरेसं. तीन गोष्टी बघा: बायोस फ्लॅशबॅकचं बटण, चुकीची जागा दाखवणारे चार डीबग दिवे, आणि व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) धातूचा हीटसिंक. दुसरं कार्ड पुढे घालू असा विचार असेल तर मॅन्युअल डाउनलोड करून खालच्या स्लॉटचं पान वाचा. दिसायला तो लांबलचक असतो, आत बहुतेकदा चिपसेटवरून आलेल्या चारच लेन असतात, कधी एकच. आणि दोन जाडजूड कार्डं एकमेकांना खेटून बसली की वरचं कार्ड खालच्याची गरम हवा ओढतं. दोन कार्डांचं नंतर बघू म्हणत एक हजार वॅटचा एसएमपीएस आणि महागडा बोर्ड घेणारे बहुतेक जण दुसरं कार्ड कधी घेतच नाहीत.

रॅम: दोनच स्टिक

व्हीरॅमच्या निदान दुप्पट रॅम हे चांगलं माप. १६ जीबीच्या कार्डाला ३२, २४ च्या कार्डाला ६४. फ्लॅश-अटेन्शनसारखी लायब्ररी सोर्समधून बांधायची वेळ आली तर ६४ सुद्धा अपुरी पडते. तिच्या सूचनांतच लिहिलं आहे की ९६ जीबीहून कमी रॅम आणि भरपूर कोअर असतील तर एकावेळच्या जॉबांना चारची मर्यादा घाला.

महत्त्वाचं म्हणजे डीडीआर५ मध्ये चार स्टिक लावू नका. रायझन ७००० ला दोन स्टिकवर अधिकृत वेग ५२०० आहे, चार लावल्या की ३६००. 'आता १६ च्या दोन घेऊ, पुढच्या वर्षी अजून दोन टाकू' हा जुन्या डीडीआर४ च्या जमान्यातला शहाणपणा इथे अंगाशी येतो. मशीन चालूच होत नाही, किंवा चालू होऊन आठवड्यातून एकदा कारण न देता बंद पडतं. ६४ हवी तर ३२ च्या दोन, एकाच पाकिटातल्या. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढे आहेत, त्यामुळे हा निर्णय पुढे ढकलण्याचा मोह होतो. तसं असेल तर आज ३२ ची एकच स्टिक घेणंही बरं. मेमरीचा वेग निम्मा होईल, पण तशीच दुसरी नंतर लावता येईल.

एसएसडी

१ टीबी खालची मर्यादा, २ टीबी योग्य. मॉडेलच्या फाइली, पायथनची पाच-सहा 'कोंडा' वातावरणं आणि डॉकरच्या इमेज मिळून पाचशे जीबी कशी भरली ते कळत नाही. पाकिटावरच्या ७००० एमबीच्या आकड्याला भुलू नका. फ्लॅश टीएलसी (एका पेशीत तीन बिट) आहे की क्यूएलसी (चार बिट) ते विचारा. क्यूएलसी डिस्क सुरुवातीचा कॅश भरेपर्यंत पळते. मग दीडशे जीबीचा डेटासेट कॉपी करताना मध्येच तिचा वेग साध्या हार्ड डिस्कइतका खाली येऊ शकतो. इमेजनेटसारखा डेटासेट, तेरा लाखांच्या जवळ छोट्या फाइली, यांना तर सलग वेगाचा उपयोगच नाही. तिथे फाइली टार करून मोठ्या गठ्ठ्यांत वाचणं महागड्या डिस्कपेक्षा जास्त कामाला येतं. विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत चालणारं लिनक्स) वापरणाऱ्यांनी डेटा सी ड्राइव्हवर न ठेवता लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये ठेवावा. सीमा ओलांडून प्रत्येक फाइल वाचायला लागणारा वेळ कुठलीही एसएसडी भरून काढत नाही.

एसएमपीएस, यूपीएस आणि भिंतीतली वीज

बेरीज अशी करा: कार्डाचे वॅट, प्रोसेसरची खरी मर्यादा (६५ वॅटचा रायझन प्रत्यक्षात ८८ घेतो), बाकी सगळ्याला ८०. ५०६० टीआयच्या मशीनचे साडेतीनशे झाले, ५५० ते ६५० चा गोल्ड दर्जाचा एसएमपीएस उत्तम. ३०९० च्या मशीनची बेरीज ५२० येते, पण तिथे ६५० घेऊ नका. हे कार्ड काही मिलिसेकंदांसाठी ३५० च्या खूप वर उडी मारतं आणि कमी ताकदीचा एसएमपीएस स्वतःला वाचवायला बंद होतो. लक्षण ओळखायला सोपं: ट्रेनिंग सुरू झाल्यावर मशीन प्लग ओढल्यासारखं बंद, लॉगमध्ये एक ओळही नाही. ८५० घ्या. शिवाय एनव्हिडिया-एसएमआयनं कार्डाची मर्यादा २८० वॅटवर आणा. वेग थोडाच कमी होतो, उष्णता बरीच. ही मर्यादा रीबूटनंतर पुसली जाते, म्हणून ती सिस्टमडीच्या सर्व्हिसमध्ये लिहून ठेवायची.

आठ पिनांची कार्डाची वायर १५० वॅटसाठी असते. कार्डाला दोन जागा असतील तर एकाच वायरची दोन तोंडं न लावता दोन वेगळ्या वायरी लावा. नव्या १६ पिनांच्या कनेक्टरला टोक पूर्ण आत बसलंय ना ते टॉर्च मारून पाहा आणि कनेक्टरपासून साडेतीन सेंटीमीटरपर्यंत वायर वाकवू नका. अर्धवट बसलेली टोकं वितळलेली आहेत. आणि जुन्या एसएमपीएसच्या सुट्या वायरी नव्याला कधीही लावू नका, कंपनी तीच असली तरी. दिसायला सारख्या असतात, पिनांचा क्रम वेगळा असतो, आणि पहिल्यांदा चालू करताच डिस्क जळते.

यूपीएसवर लिहिलेला आकडा व्हीएमध्ये असतो. ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॅट. ३०९० चं मशीन त्यावर ट्रेनिंग करताना वीज गेली तर तो ओरडून लगेच बंद होईल. ११०० व्हीए घ्या, जमल्यास शुद्ध साइन वेव्हचा, कारण चांगल्या एसएमपीएसमधल्या पीएफसी सर्किटला चौकोनी लाट मानवतेच असं नाही. घरचा इन्व्हर्टर असेल तर त्याची खिट्टी 'यूपीएस' मोडवर हवी. दुसऱ्या मोडमध्ये वीज बदलायला लागणारा वेळ एसएमपीएस तग धरू शकणाऱ्या सोळा-सतरा मिलिसेकंदांच्या पलीकडे जातो. बॅटरी पाच मिनिटांची, ट्रेनिंग नऊ तासांचं, तेव्हा दर अर्ध्या तासाला चेकपॉइंट लिहिलाच पाहिजे. महावितरणची देखभाल तुमच्या भागात ज्या वारी असते त्याच्या आदल्या रात्री लांबचं काम लावू नका.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरात अर्थिंग नाही. एसएमपीएसमधले फिल्टर कपॅसिटर मोकळ्या पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्ट आणून ठेवतात. करंट किरकोळ असतो, पण यूएसबीवरून लॅपटॉप किंवा बोर्ड जोडताना तेवढाही पोर्ट मारायला पुरतो. दोन पिनांचा कन्व्हर्टर फेकून द्या आणि वायरमनला बोलवा.

बिलाचाही अंदाज घ्या. ५०० वॅट रोज आठ तास म्हणजे महिन्याला १२० युनिट. महावितरणच्या घरगुती दरांत १०० आणि ३०० युनिटांवर टप्पा बदलतो, त्यामुळे ही १२० युनिटं वरच्या टप्प्याच्या दरानं पडतात.

उष्णता

पंखा आणि हीटसिंक खोलीच्या तापमानावर ठरावीक अंश चढवतात. डिसेंबरात पुण्यात २२ अंशांच्या खोलीत कार्ड ६८ वर असेल तर मे महिन्यात नागपूरच्या ४० अंशांच्या खोलीत ते ८६ कडे जाऊ पाहील आणि त्याआधीच वेग कमी करेल. म्हणून पुढून जाळीचंच कॅबिनेट, काचेचं नको. पुढे दोन १४० मिमी पंखे आत, मागे एक बाहेर. रायझन ७००० चे 'एक्स' प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत जाण्यासाठीच बनवलेले आहेत, तो आकडा पाहून पेस्ट बदलत बसू नका. ५०० वॅटचं मशीन म्हणजे खोलीत ५०० वॅटचा हीटर, एक टनाच्या एसीच्या ताकदीचा सातवा हिस्सा. कोकणात आणि गोव्यात कॅबिनेट समुद्राकडच्या उघड्या खिडकीखाली ठेवू नका, खाऱ्या हवेनं स्क्रू आणि पोर्ट गंजतात.

खरेदी

मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली, नाहीतर ऑनलाइन. भाव तिन्हीकडे काढा, पण तिघांकडून प्रत्येक पार्टचा पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या. '१६ जीबी कार्ड, ६५० एसएमपीएस' अशा कोटेशनला अर्थ नाही. १८ टक्के जीएसटीसकट पक्कं बिल हवं, त्यावर सिरियल नंबर हवा. वॉरंटीच्या वेळी तोच लागतो. अमेरिकेतल्या भावाला कार्ड आणायला सांगणार असाल तर त्या कंपनीची वॉरंटी भारतात चालते का ते आधी विचारा. बऱ्याच कंपन्या ज्या देशात विकलं तिथेच दुरुस्त करतात.

जोडणी आणि पहिली रात्र

एएम५ च्या (रायझन ७००० च्या बोर्डाच्या) पिना सॉकेटमध्ये असतात, प्रोसेसरवर नाही. प्रोसेसर तिरका टेकवला की दोन पिना वाकतात आणि बोर्डाची वॉरंटी जाते. सरळ वरून ठेवा, दाबू नका. कूलरच्या आणि एम.२ हीटसिंकच्या खालचं प्लास्टिक सोलायचं विसरू नका. रॅमच्या दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. प्रोसेसरची आठ पिनांची वायर आणि कार्डाची आठ पिनांची वायर वेगळ्या आहेत. एक दुसऱ्याच्या जागी जात नसेल तर जोर लावू नका.

पहिल्यांदा चालू केल्यावर डीडीआर५ ची मशीन काही मिनिटं काळ्या स्क्रीनवर राहते. ती मेमरी ओळखत असते. घाबरून बटण दाबलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटं थांबा, मग डीबग दिवा कुठला पेटलाय ते पाहा. बायोसमध्ये एक्सपो (रॅम पाकिटावरच्या वेगानं चालवणारी सोय) चालू करा आणि रात्रभर मेमटेस्ट८६+ लावा. एकही चूक चालत नाही. एक चूक दिसली तर एक्सपो बंद करून पुन्हा तपासा. तरीही आली तर स्टिक बदलून घ्या. ही चाचणी टाळणाऱ्याला पुढे कंपायलर 'सेगमेंटेशन फॉल्ट' देऊन मरताना दिसतो. दर वेळी त्याच ओळीवर मरत असेल तर दोष कोडचा किंवा कंपायलरचा, दर वेळी वेगळ्या ओळीवर तर रॅमचा.

ड्रायव्हर टाकल्यावर एनव्हिडिया-एसएमआयच्या कोपऱ्यात कुडाची जी आवृत्ती दिसते ती ड्रायव्हरला झेपणारी कमाल आवृत्ती आहे, बसवलेली नव्हे. पायटॉर्च स्वतःची कुडा बरोबर आणतं, वेगळी टाकायची गरज बहुतेकांना नाही. लिनक्सवर ड्रायव्हर टाकूनही कार्ड दिसत नसेल तर बायोसमधलं सिक्युअर बूट तपासा. शेवटी जीपीयू-बर्न अर्धा तास चालवा आणि दुसऱ्या टर्मिनलमध्ये एनव्हिडिया-एसएमआयला '-q' हा पर्याय देऊन पीसीआय लिंकची रुंदी वाचा. ३०९० ला १६ दिसायला हवेत, ५०६० टीआयला ८, कारण त्याला आठच आहेत. काम नसताना लिंकची पिढी १ दिसते, ती वीज वाचवण्यासाठी. भाराखाली वाचा. ३०९० ला ८ किंवा ४ दिसले तर कार्ड चुकीच्या खाचेत आहे, नीट बसलेलं नाही, किंवा एखाद्या एम.२ डिस्कनं त्याच्या लेन घेतल्या आहेत. मशीन बंद करा, कार्ड काढून पुन्हा 'टक्' आवाज येईपर्यंत बसवा आणि परत मोजा.